पिल्लू घरी आलं आणि चौथ्या दिवशी आजारी पडलं

दिवाळी झाली की दरवर्षी माझ्याकडे एकाच प्रकारची पत्रं यायला लागतात. रस्त्यावरच्या माद्या बहुतेक पावसाळ्याच्या शेवटापासून थंडीपर्यंत वितात, मग सोसायटीच्या गेटपाशी, बांधकामाच्या साइटवर वाळूच्या ढिगाआड, बंद दुकानाच्या पायरीखाली पिल्लंच पिल्लं दिसतात आणि कुणाला तरी माया येते, एखादं उचलून घरी आणलं जातं. घरी आणता हे फार चांगलं करता. पण त्यातली बरीच पिल्लं पहिल्याच आठवड्यात आजारी पडतात आणि घरातली माणसं पार हादरून जातात. म्हणून या वेळी फक्त आजारी पिल्लांची पत्रं घेतलीयेत, मांजरांचे आणि पोपटांचे प्रश्न पुढच्या अंकात नक्की. पहिल्या पत्राला सगळ्यात जास्त जागा दिलीये कारण त्यातले प्रश्न सगळ्यांचेच आहेत.

प्रश्न : डॉक्टर ताई, आम्ही पुण्यात धनकवडीला राहतो. शेजारच्या साइटवरच्या वॉचमनकडून ५०-५५ दिवसांचं गावठी पिल्लू आणलं, मुलीने नाव ठेवलं लाडू. रविवारी आणलं, खूप मळलेलं होतं म्हणून लगेच कोमट पाण्याने आंघोळ घातली. सोमवारी दवाखान्यात नेऊन लसीचा पहिला डोस दिला. गुरुवारी संध्याकाळी ते खेळेना, दूध पण नको म्हणालं, शुक्रवारी सकाळी पांढरा फेस उलटून टाकला, मग पिवळं पाणी. मेडिकलवाल्याने माणसांची जुलाबाची अर्धी गोळी द्यायला सांगितली ती दिली. रात्री पातळ शी झाली, त्यात रक्त होतं आणि वास इतका भयंकर की खोलीत थांबवेना. शनिवारी पहाटे दवाखाना गाठला, टेस्ट केली, पार्वो निघाला. पाच दिवस सकाळ-संध्याकाळ सलाईन, इंजेक्शनं. आता कालपासून घरी आहे, उभं राहतं, शेपूट हलवतं, पण अगदी सापळा झालाय. सासूबाई म्हणतात लसीमुळेच झालं, शेजारच्या काकू म्हणतात आंघोळीमुळे थंडी बाधली. मला रात्र रात्र झोप नाही, माझ्यामुळेच झालं का हे सगळं? आता खायला काय देऊ, घर कसं साफ करू, आणि मुलीला यातून काही होईल का? ती सारखी त्याला मांडीवर घेऊन बसते.

उत्तर : आधी तुमच्या झोपेचं बघू. तुमच्यामुळे झालेलं नाही. आंघोळीमुळे नाही, लसीमुळे तर नाहीच. तुमच्याच पत्रातले दिवस मोजा. पार्वोचा विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण ३ ते ७ दिवस जातात, कधी जास्तही. लाडू रविवारी आला आणि गुरुवारी मलूल झाला, म्हणजे बहुतेक साइटवरूनच तो आजार घेऊन आला होता, तुम्ही त्याला उचललं तेव्हा तो आतून आजारी पडायला लागलेला होता, फक्त दिसत नव्हतं. सोमवारी दिलेली लस कामाला लागायलाच काही दिवस लागतात, तोवर विषाणू पुढे निघून गेलेला होता. सासूबाईंना हे एवढं नक्की सांगा, कारण एकदा घरात 'लसीने आजारी पडलं' असं बसलं की पुढचे डोस राहून जातात आणि ते मला नकोय. एवढं मात्र खरं की नवीन आणलेल्या पिल्लाला पहिल्या दिवशी आंघोळ घालू नये, आई सुटलेली, जागा नवीन, त्यात अंग ओलं, पिल्लू गारठतं. ओल्या फडक्याने पुसून कोरडं केलं तरी पुरतं. पण त्याने पार्वो होत नाही.

आता हा आजार करतो काय ते सांगते, म्हणजे सलाईनवर एवढे पैसे का गेले ते कळेल. शरीरात ज्या पेशी भराभर नव्या तयार होत असतात त्यांनाच हा विषाणू गाठतो. पिल्लात अशा पेशी मुख्य दोन ठिकाणी, आतड्याच्या अस्तरात आणि हाडांच्या मगजात. आतड्याचं अस्तर झडून जातं, मग पाणी धरून ठेवता येत नाही, अन्न पचत नाही, रक्त पाझरतं, आणि आतड्यातले एरवी निरुपद्रवी असलेले जंतू त्या उघड्या जागेतून थेट रक्तात शिरतात. त्याच वेळी मगजात पांढऱ्या पेशी बनणं थांबलेलं असतं, म्हणजे लढणारे सैनिकच नाहीत. पिल्लू विषाणूने कमी आणि पाणी-साखर संपल्याने, रक्तात जंतू पसरल्याने जास्त मरतं. विषाणूला मारणारं नेहमीच्या वापरातलं औषध आमच्याकडे नाही. सलाईन पाणी भरून काढतं, अँटिबायोटिक त्या आत शिरलेल्या जंतूंसाठी, उलटी थांबवायचं इंजेक्शन म्हणजे गेलेलं आत राहावं. आम्ही फक्त पिल्लाला तगवून ठेवतो, लढाई त्याची तोच लढतो. वेळेवर दवाखान्यात आलेली बहुतेक पिल्लं वाचतात, काहीच उपचार नाही मिळाले तर बहुतेक जातात, इतका फरक आहे.

आणि म्हणून शुक्रवारचं बोलायलाच हवं. तुम्हाला दोष देत नाहीये, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. पण वाचणाऱ्या सगळ्यांसाठी, लस पूर्ण न झालेलं पिल्लू एक वेळचं खाणं सोडून मलूल पडलं, आणि वर उलटी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्या नाही. 'बघू सकाळपर्यंत' हे मोठ्या कुत्र्याला एखाद्या वेळी चालतं, ३ किलोच्या पिल्लाला नाही, त्याच्याकडे साठाच नसतो. रक्त दिसायची वाट बघू नका, रक्त उशिरा दिसतं, आधी नुसतं गप्प बसणं असतं. आणि जुलाब बंद करायची माणसांची गोळी देऊ नका, आतड्यात जी घाण आहे ती आतच कोंडते. तापाच्या, अंगदुखीच्या माणसांच्या गोळ्या तर अजिबातच नाही, त्यातल्या काही कुत्र्याच्या पोटात अल्सर करतात, किडनी घालवतात. पपईच्या पानांचा रस, हळदीचं पाणी सिरिंजने घशात ओतणं सध्या फार चाललंय. ओकणाऱ्या, मान टाकलेल्या पिल्लाच्या घशात जबरदस्तीने काही ओतलं की ते फुप्फुसात जातं आणि पार्वोतून वाचलं असतं ते न्यूमोनियाने जातं. मी हे माझ्या टेबलावर इतक्या वेळा बघितलंय की आता कुणी हिरवी सिरिंज घेऊन आत आलं की माझ्या पोटात गोळाच येतो.

खाण्याचं. पूर्वी आम्हीच उलट्या थांबेपर्यंत उपाशी ठेवायला सांगायचो, आता उलटं आहे, उलटी आटोक्यात आली की थोडं थोडं सुरू करायचं, कारण आतड्याचं नवीन अस्तर अन्न मिळालं तरच लवकर भरून येतं. लाडूला मऊ गिजगा भात आणि उकडलेलं, हाडं काढलेलं चिकन, मीठ नाही, तेल नाही, मसाला नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही. तुमच्या घरी चिकन चालत नसेल तर भातात थोडं ताजं पनीर कुस्करा. एका वेळी दोन-तीन चमचेच, दर तीन-चार तासांनी, दिवसातून सहा वेळा तरी. त्याला भयंकर भूक लागेल, ते तोंडाकडे बघत बसेल आणि तुम्हाला वाटेल देऊया अजून थोडं, नका देऊ, एकदम पोट भरलं की परत जुलाब. शी घट्ट झाली की चार-पाच दिवसांत हळूहळू पपी फूड वाढवत न्या, कारण नुसत्या भात-चिकनवर वाढत्या पिल्लाचं कॅल्शियम वगैरे भागत नाही. दूध बंद. आईचं दूध वेगळं आणि पिशवीतलं गाई-म्हशीचं वेगळं, त्यातली साखर पचवायची ताकद त्या सोललेल्या आतड्यात आत्ता नाही. दूध-पोळी हे आपल्याकडे पिल्लाचं ठरलेलं जेवण झालंय, ते धडधाकट पिल्लांचंही पोट बिघडवतं. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन करा, लिहून ठेवा. वजन वाढतंय तोवर काळजी नको, परत घसरलं किंवा पुन्हा उलटी झाली तर त्याच दिवशी दवाखाना.

साफसफाई. फिनाईलने पार्वो मरत नाही. हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं, कारण प्रत्येक घरात आजारानंतर बादलीभर फिनाईल ओतलं जातं, वास येतो, घर स्वच्छ वाटतं आणि विषाणू जिथल्या तिथे असतो. शिवाय पिल्लू ती फरशी चाटतं ते वेगळंच. साधं कपड्यांचं ब्लीच वापरा, १ भाग ब्लीचला ३० भाग पाणी, म्हणजे लिटरभर पाण्यात साधारण ३०-३५ मिली. आधी साबणाच्या पाण्याने फरशी घासून सगळी घाण काढा, घाणीवर ब्लीच काम करत नाही, मग हे पाणी मारून १० मिनिटं ओलं राहू द्या, नंतर स्वच्छ पाण्याने पुसा. खिडक्या उघड्या, लाडू आणि मुलगी दुसऱ्या खोलीत. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड किंवा दुसरं काहीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. ज्या गोधडीवर तो पडून होता ती टाकून द्या, धुऊन वापरायच्या फंदात पडू नका. चपलांचे तळवे पण पुसा, हा विषाणू चपलांवरून गावभर फिरतो. बरा झाला तरी पुढे किमान दोन आठवडे त्याच्या शीतून विषाणू पडू शकतो, तोवर सोसायटीच्या बागेत नाही, दुसऱ्या पिल्लांजवळ नाही, शी लगेच उचलून पिशवीत बांधून कचऱ्यात.

मुलीला कुत्र्याचा पार्वो होत नाही, माणसांचा पार्वो म्हणून जो आहे तो वेगळाच विषाणू. मांडीवर घेऊ दे, फक्त हात धुवायला लावा, कारण जंत मात्र माणसांना लागू शकतात, त्याचं खाली दुसऱ्या पत्रात लिहिलंय. घरात किंवा शेजारी मांजर असेल तर तिची लस झालीये ना बघा, कुत्र्याच्या पार्वोचे आत्ता फिरणारे प्रकार मांजरालाही बाधू शकतात. तसंही या विषाणूचं नातं मांजरांच्याच आजाराशी आहे, १९७८ च्या आसपास तो कुत्र्यांमध्ये पहिल्यांदा लक्षात आला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला, तेव्हा मोठी मोठी कुत्री पण मेली कारण कुणाच्याच अंगात प्रतिकारशक्ती नव्हती.

उरलेल्या लसी डॉक्टरांनी तो पूर्ण बरा आहे म्हटल्यावर सुरू करायच्या. पार्वोतून उठलेल्या कुत्र्याला पुन्हा पार्वो सहसा होत नाही, पण त्याच इंजेक्शनात डिस्टेंपर, हिपॅटायटिस वगैरेची पण लस असते, त्या आजारांपासून लाडू सुरक्षित झालेला नाही. एका डोसने का भागत नाही हे सगळे विचारतात. पिल्लाला जन्मल्यावर पहिल्या दिवसाच्या चिकातून आईकडून संरक्षण मिळतं, ते हळूहळू उतरत जातं, आणि जोवर ते अंगात आहे तोवर ते लसीलाही हाणून पाडतं. कुठल्या पिल्लाचं कधी उतरेल ते वरून कळत नाही. म्हणून ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू करून दर ३-४ आठवड्यांनी, पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यायचे, त्यातला एक तरी बरोबर जागी बसतो. शेवटचा डोस १६ आठवड्यांच्या आधीच उरकून 'कोर्स पूर्ण' लिहिलेली कार्डं मी खूप बघते. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनी.

आणि एक काम माझ्यासाठी करा. त्या साइटवर लाडूची भावंडं असतील. त्यांनाही हाच विषाणू लागलेला असायची शक्यता खूप आहे. वॉचमनला भेटा, कुठलं पिल्लू गप्प पडलंय का, शी पातळ आहे का विचारा, आणि जवळच्या प्राणीप्रेमी मंडळींना कळवा. एखादं अजून वेळेत मिळेल.

प्रश्न : मॅडम, नाशिकहून लिहितेय. आमचं पिल्लू अडीच महिन्यांचं, खातं खूप पण पोट फुगलेलं आणि पाय काड्या. परवा उलटीतून शेवयांसारखे लांब पांढरे किडे पडले, जिवंत! मी किंचाळलेच. घरात ३ वर्षांचा मुलगा आहे.

उत्तर : घाबरू नका, हे गोल जंत आहेत आणि बहुतेक प्रत्येक पिल्लात असतात, कारण ते आईच्या पोटात असतानाच आईकडून पिल्लात येतात, नंतर दुधातूनही. डॉक्टरांकडे नेऊन वजन करून जंताचं औषध घ्या, अंदाजाने मेडिकलवरून नको, डोस किलोवर असतो. एका डोसने संपत नाही, अंगात फिरणारी पिल्लावळ नंतर आतड्यात येते म्हणून दोन आठवड्यांनी परत, आणि पुढे सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्याला एकदा. मुलाचं म्हणाल तर या जंतांची अंडी मातीतून तोंडात गेली तर लहान मुलांच्या लिव्हरला, क्वचित डोळ्याला त्रास होऊ शकतो. अंडी ताजी असताना लागत नाहीत, मातीत मुरायला काही दिवस लागतात, म्हणून शी रोजच्या रोज उचलली तर निम्मं काम तिथेच झालं. बाकी निम्मं मुलाचे हात आणि नखं. पिल्लू देऊन टाकायची काही गरज नाही, असं कुणी सुचवलं तर त्यांना हे पान वाचायला द्या.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर म्याडम, माण तालुक्यात आमची वस्ती आहे, गावापासून ४ किलोमीटर आत. कुत्र्यांचा असा स्पेशल डॉक्टर साताऱ्याशिवाय नाही. मागच्या वर्षी एक पिल्लू रात्रीत गेलं, सकाळी उठून बघतो तर गार. आता पोरांनी परत एक आणलंय. रात्रीअपरात्री काही झालं तर घरी काय करावं? काय ठेवावं घरात?

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, आधीच विचारताय. पहिली गोष्ट, कुत्र्यांचा स्पेशल डॉक्टरच पाहिजे असं काही नाही. तुमच्या गावाजवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जे गुरांचे डॉक्टर आहेत ते कुत्र्यालाही सलाईन लावू शकतात, आमचं सगळ्यांचं शिक्षण एकच असतं. आत्ताच पिल्लू घेऊन एकदा जाऊन या, लसीचं आणि जंताच्या औषधाचं विचारा, त्यांचा फोन नंबर घ्या. १९६२ हा जनावरांसाठीचा टोल फ्री नंबर पण फोनमध्ये टाकून ठेवा.

घरात थर्मामीटर ठेवा, डिजिटल, पिल्लासाठी वेगळा. टोकाला थोडं तेल लावून शीच्या जागी अलगद घालायचा. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नॉर्मल, माणसाच्या हिशोबाने तो ताप वाटेल पण नाही. १०३.५ च्या वर गेलं तर ताप, आणि ९९ च्या खाली उतरलं तर तापापेक्षा वाईट. तुमचं मागचं पिल्लू सकाळी गार सापडलं म्हणता, लहान पिल्लं रात्रीतून अशी जातात तेव्हा बऱ्याचदा रक्तातली साखर संपलेली असते आणि अंग गार पडत गेलेलं असतं. काय आजार होता ते आता सांगता येणार नाही, पण या दोन गोष्टींवर घरी हात चालवता येतो.

पिल्लू लटपटतंय, मान टाकतंय, हाक मारली तर बघत नाही, अंग गार लागतंय असं झालं तर बोटावर मध किंवा साखरेचा पाक किंवा गुळाचं घट्ट पाणी घ्या आणि हिरड्यांना चोळा. नुसतं चोळायचं, ओतायचं नाही. मग फडक्यात गुंडाळून गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये लपेटून शेजारी ठेवा, चुलीजवळ एकदम नका नेऊ. शुद्धीत असेल आणि उलटी होत नसेल तर ओआरएस, लिटरभर पाण्यात पुडी कालवून, दर दहा-पंधरा मिनिटांनी चमचाभर, ते स्वतःहून चाटेल तेवढंच. हिरडी बोटाने दाबून सोडायची, दोन सेकंदांत परत गुलाबी झाली पाहिजे, पांढरी राहिली किंवा चिकट कोरडी लागली तर पाणी संपत आलंय. हे सगळं सकाळपर्यंत तग धरावा यासाठी आहे. याच्यावर दुसरा दिवस काढू नका, उजाडलं की दवाखाना.

आणि वस्तीवर असता म्हणून सांगते, गोचीड रोज बघा, कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात. गोचिडाने पिल्लाचं रक्तच कमी होतं आणि वर गोचीडताप येतो. गोठ्यात फवारायचं औषध पिल्लाच्या अंगावर कधीही लावू नका, त्याने विषबाधा होते.

प्रश्न : मॅडम, नाव छापू नका. आम्ही रस्त्यावरून पिल्लू आणलं होतं, दोन महिन्यांचं असेल. आठवड्याने ते विचित्र वागायला लागलं, लाळ गळत होती, पाणी पिता येईना, खालचा जबडा लोंबल्यासारखा, उगाच चावायला यायचं. डॉक्टरांकडे नेईपर्यंत गेलं. आमच्या हाताला त्याचे दात लागलेत, अगदी बारीक, पिल्लांचे लागतात तसे खेळताना. आता दोन दिवस झाले. काही करायला हवं का?

उत्तर : हे पत्र अंकाची वाट बघण्यासारखं नव्हतं म्हणून मिळाल्या मिळाल्या मी त्यांना फोन केला आणि त्या त्याच दुपारी सरकारी दवाखान्यात गेल्या. इथे छापतेय ते बाकीच्यांसाठी. दोन महिन्यांच्या पिल्लालाही रेबीज होऊ शकतो. 'एवढंसं पिल्लू, त्याला कसला रेबीज' हा समज जीव घेणारा आहे. लाळ, जबडा लोंबणं, गिळता न येणं, स्वभाव एकदम बदलणं आणि मग मृत्यू, असं झालं तर दात किती बारीक लागला हे बघायचं नाही. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची, घड्याळ लावून, हळद-चुना-मिरची काहीही भरायचं नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना. उशीर झाला असेल तरी जायचं, दोन दिवसांनी पण, दोन आठवड्यांनी पण. दंडातली इंजेक्शनं ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असतात, रक्त आलं असेल तर जखमेत भरायचं वेगळं इंजेक्शनही लागतं. पोटातली १४ इंजेक्शनं हे जुनं झालं, त्या भीतीने थांबू नका. घरातल्या ज्यांच्या ज्यांच्या अंगावरच्या जखमेला, तोंडाला, डोळ्याला त्याची लाळ लागली असेल त्या सगळ्यांना घेऊन जा, लहान मुलांना तर नीट विचारून घ्या, ती ओरडा बसेल म्हणून सांगत नाहीत. कोर्स अर्धा सोडायचा नाही. रेबीजची लक्षणं माणसात एकदा दिसली की मग हातात जवळजवळ काहीच राहत नाही, आणि त्याआधी घेतलेली लस वाचवते.

तुम्ही त्या पिल्लाला घरात घेतलंत, शेवटी ते रस्त्यावर एकटं गेलं नाही. पण यापुढे नवीन पिल्लू आणलं की पहिल्या दोन दिवसांतच डॉक्टरांना दाखवा, आणि पहिले काही दिवस त्याच्याशी हात चावू देण्याचा खेळ खेळू नका.

प्रश्न : डॉक्टर, मी इचलकरंजीला राहतो, दहावीत आहे. माझं शेरू नावाचं पिल्लू पार्वोने गेलं. उलटी झाली त्याच दिवशी मी आणि बाबा त्याला घेऊन गेलो होतो, चार दिवस रोज सलाईन लावलं, तरी गेलं. मी शाळेतून आल्यावर रोज त्याच्याशी अंगणात खेळायचो. आजी म्हणते परत कुत्रं नको, आपल्याला लाभत नाही. बाबा म्हणाले डॉक्टरांना विचार, ते हो म्हणाले तर आणू. कधी आणता येईल? आणि त्याचा पट्टा मी ठेवलाय माझ्याजवळ, ठेवला तर चालेल का?

उत्तर : बाळा, तू आणि बाबांनी जे करायचं असतं ते सगळं केलंत, आणि वेळेवर केलंत. वर मी लिहिलंय ना की वेळेत आलेली बहुतेक पिल्लं वाचतात, तर बहुतेक म्हणजे सगळी नाहीत. काहींच्या अंगात विषाणू खूप जास्त गेलेला असतो, काही आधीच जंतांनी अशक्त असतात, आणि मी स्वतः रात्र रात्र बसून पण अशी पिल्लं गमावलीयेत. त्याचे शेवटचे चार दिवस तो एकटा नव्हता, तहानलेला नव्हता. आजींना सांग की लाभण्या-न लाभण्याचं यात काही नाही, हा विषाणू आहे आणि त्याला लस आहे.

आता नवीन कुत्र्याचं. घरातली फरशी, शेरूचं स्टीलचं भांडं हे ब्लीचच्या पाण्याने साफ होतं, कसं ते पहिल्या उत्तरात दिलंय. पण अंगणातल्या मातीला ब्लीच मारून उपयोग नाही. मातीत, विशेषतः सावलीच्या ओलसर जागी, हा विषाणू कित्येक महिने, वर्षभरही टिकू शकतो. ऊन लागतं तिथे लवकर जातो. म्हणून वर्षभर तरी लस न झालेलं लहान पिल्लू त्या अंगणात आणायचं नाही. याचा अर्थ वर्षभर कुत्रंच आणायचं नाही असा नाही. चार महिन्यांच्या वरचं, सगळे डोस झालेलं आणि शेवटच्या डोसला दोन आठवडे उलटून गेलेलं पिल्लू आणता येईल. किंवा मोठं कुत्रं आण, लसी झालेलं. मोठ्या गावठी कुत्र्यांना कुणी घरी नेत नाही, सगळ्यांना पिल्लूच हवं असतं, आणि ती कुत्री माणसाला किती जीव लावतात हे तुला आठवड्यात कळेल. बाबांना माझं हो आहे असं सांग, पण आधी तुझी परीक्षा होऊ दे, नवीन कुत्र्याला पहिले पंधरा दिवस घरात कुणीतरी पूर्ण वेळ लागतं.

पट्टा ठेव. आधी साबणाने घासून धू, मग ब्लीचच्या त्याच पाण्यात १० मिनिटं बुडवून ठेव, मोठ्या माणसाला सोबत घेऊन, आणि चार-पाच दिवस कडक उन्हात वाळव. रंग थोडा उडेल. नंतर एका पिशवीत घालून तुझ्या कपाटात ठेव, नवीन कुत्र्याच्या गळ्यात मात्र घालू नकोस, त्याला त्याचा नवीन आण.